वांगी शाई, लेजरचा कागद आणि दीडशे वह्या

शिक्षकाच्या घरी एक खण पेनांचा असतो. शिक्षकदिन, गुरुपौर्णिमा, दहावीचा निरोप समारंभ, कुणा सहकाऱ्याची सेवापूर्ती, असं वर्षभर काही ना काही चालू असतं आणि पेनं डबीसकट त्या खणात जमत जातात. २०१७च्या सप्टेंबरात माझा खण आवरताना मुलांनी नुकतीच दिलेली एक डबी उघडली, तर आत शाईचं पेन निघालं. साधंच होतं, सोबत दोन कार्ट्रिज, म्हणजे शाईनं भरलेल्या तयार नळ्या. शाळेत असताना मी शाईनं लिहिलं होतं, पण पुढे बीएड आणि वीस वर्षांची नोकरी सगळी बॉलपेनवर झाली.

त्याच दिवसांत माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं होतं. मी चिपळूण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तेव्हा आठवीच्या दोन तुकड्या आणि नववीची एक माझ्याकडे होती, म्हणजे साधारण दीडशे मुलं. आठवड्याला दीडशे वह्या, त्यांत निबंध, पत्रलेखन, स्वाध्याय. शिवाय रोजचं पाठ टाचण, घटक चाचणीचे पेपर, हजेरी, मूल्यमापनाच्या नोंदी. विळीवर नारळ खवताना अंगठा आखडायचा. डॉक्टर म्हणाले, "लिहिणं कमी करा." ते माझ्या हातात नव्हतं. मग निदान लिहायचं साधन तरी बदलून बघू, म्हणून मी ते पेन उचललं.

बॉलपेनच्या टोकाचा गोळा फिरायला दाब लागतो, कारण आतली शाई दाट आणि तेलकट असते. शाईच्या पेनात दाबाचं काम नाही. निबेच्या मधल्या चिरेतून आणि खालच्या जिभेवरच्या बारीक खाचांतून पातळ शाई आपसूक टोकाशी येते, समईच्या वातीतून तेल वर चढतं तशी. टोक कागदाला नुसतं टेकलं की पुरे. हे कळायला मला अर्धं पान लागलं, पण हाताला कळायला महिने गेले. वीस वर्षांची दाबून लिहायची सवय होती. तिसऱ्या आठवड्यात निबेच्या दोन पाकळ्या फाकल्या, मध्ये फट पडली आणि शाई टोकापर्यंत यायची थांबली. शाईचं पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते, असं आमच्या घरी म्हणायचे. त्यामागचं कारण मला तेव्हा उमगलं. ज्याला जोर लावायची सवय आहे त्याच्या हातात निब टिकत नाही, मग तो हात दुसऱ्याचा असो की आपला.

दुसरं पेन मी चिपळूणच्या बाजारपेठेतून आणलं. ड्रॉपरनं शाई भरायचं, देशी. याच्या पोटातच शाई असते. लहान कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरसुद्धा शाई मावत नाही, यात मात्र दोन मिलिलिटरच्या वर मावते, म्हणजे माझा अख्खा आठवडा निघतो. याची एकच खोड सांभाळावी लागते. शाई तळाला गेली की उरलेली जागा हवेनं भरते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. हे मी वार्षिक परीक्षेच्या वेळी अनुभवलं. एप्रिलमधली दुपार, वीज गेलेली, हात तापलेला, आणि एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर वाटाण्याएवढा थेंब पडला. तिनं फार जपून लिहिलेला पेपर होता तो. मला अतिशय वाईट वाटलं.

तेव्हा आमचे शिपाईमामा स्टाफरूममध्ये होते. त्यांनी फळ्याजवळचा खडू आणला, आडवा धरला आणि त्या थेंबावरून अलगद लोळवला. खडूनं शाई पिऊन घेतली, कागदावर फिकट ठिपका तेवढा उरला. टिपकागद आता आमच्या बाजारात सहज मिळत नाही, खडू मात्र वर्गात कायम हाताशी असतो. तेव्हापासून माझ्या कंपासपेटीत खडूचा एक कोरडा तुकडा असतो आणि पेन अर्धं झालं की मी ते भरून घेते.

शिपाईमामा त्या दिवशी बराच वेळ बोलत बसले. त्यांच्या लहानपणी शाईची पुडी आणून पाण्यात कालवायची, वस्त्रगाळ करायची, मग दौतीत ओतायची. ते ऐकल्यावर मी थोडं वाचलं. दांडेकर बंधूंनी १९३१मध्ये मुंबईत जो उद्योग सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन झाला, त्याची सुरुवात शाईच्या अशाच पुडी आणि वड्यांपासून झाली होती, 'हॉर्स' छापाच्या. फाऊंटन पेनाची 'कॅमल' शाई त्यानंतरची. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना सगळ्यात नवल वाटलं ते वडीचं. शाईची वडी कशी असेल, यावर त्यांनी अर्धा तास घेतला. माझा त्या दिवशीचा पाठ मागे पडला, पण तो अर्धा तास मला आजही हवासा वाटतो.

एक चूक मात्र नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं टाळावी, म्हणून सविस्तर सांगते. एकदा चाचणीच्या काळात माझी काळी शाई संपली. स्टाफरूमच्या कपाटात चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांसाठी आणलेली काळ्या शाईची बाटली होती. तिच्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं वाचून मला उलट बरंच वाटलं, नोंदी पक्क्या राहतील म्हणून. पेन भरलं, दोन दिवस सुंदर गडद उठलं. तिसऱ्या दिवशी बंद. रेखाटनाच्या त्या शाईत लाख असते. कागदावर वाळली की ती पाण्याला दाद देत नाही, आणि पेनाच्या जिभेत वाळली तरी देत नाही. आठवडाभर पाण्यात ठेवलं, सुईनं खाचा कोरून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. पेनात भरायची शाई पेनासाठीच बनवलेली हवी, बाटलीवर तसं लिहिलेलं हवं.

आता दर दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, नळावर मी पेनं धुते. साधं पाणी, गरम अजिबात नाही. शाई एकाच कंपनीची आणि एकाच रंगाची वापरत असाल तर महिन्यातून एकदा धुतलं तरी चालतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र पेन शाई भरलेलं ठेवू नये. जूनमध्ये उघडल्यावर आत कोरडी खपली मिळते.

पेनाची अडचण सुटली तेव्हा रंगाची पुढे आली. तपासायला लाल शाई ही आपली रीत. बॉलपेनची लाल रेघ बारीक असते, निबेची लाल मात्र ओली आणि ठळक. मुलांच्या पातळ वह्यांवर ती मागच्या पानावर उमटायची आणि वही दोन्ही बाजूंनी रक्ताळल्यासारखी दिसायची. मला ते बघवेना. मी हिरवी आणली. चार दिवसांनी हेडसरांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, हिरवी शाई साहेबांची समजतात. तपासणीला कुणी आलं तर उगाच विचारतील." राजपत्रित अधिकाऱ्यानं हिरव्या शाईत सही करायची, हा प्रघात आपल्याकडे इतका रुजला आहे की त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. निळी मुलांची, काळी नोंदींची. मग उरलं काय?

मी घरी बसून मिश्रण केलं. एकाच कंपनीची लाल आणि निळी घेतली, म्हणजे एकमेकींशी बिघडायची शक्यता कमी. तीन भाग लाल, एक भाग निळी, औषधाच्या रिकाम्या धुतलेल्या बाटलीत घालून रात्रभर ठेवली. सकाळी तळाला गाळ बसला नव्हता, तेव्हाच पेनात भरली. पर्मनंट शाई अशी कधी मिसळू नये. रंग आला तो थेट वांग्याचा. लालइतका ओरडत नाही आणि निळ्यात हरवतही नाही. मुलं म्हणतात, बाईंची करवंदाची शाई. मे महिन्यात करवंदं खाल्ल्यावर बोटं जशी होतात तसाच हा रंग आहे, हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

हे सगळं अंगठ्यासाठी चाललं होतं. सहा महिन्यांत तो खरंच बराच सुधारला. पण ज्यामुळे मी शाई कायमची धरली ते कारण वेगळं आहे, आणि ते मी ठरवून शोधलेलं नाही.

शाई वाळायला वेळ लागतो. साध्या वहीच्या कागदावर आठ-दहा सेकंद, पावसाळ्यात त्याहून जास्त. बॉलपेननं तपासताना माझी एक लय होती. वही उघडायची, नजर फिरवायची, बरोबरची खूण, शेरा 'छान' किंवा 'अक्षर सुधारा', सही, तारीख, वही बंद, पुढची. आता शेरा लिहिल्यावर वही लगेच मिटता येईना, मिटली की समोरच्या पानावर डाग. त्यामुळे हातात पेन, समोर उघडी वही आणि करायला काहीच नाही, असे काही क्षण प्रत्येक वहीमागे मिळायला लागले. नजर कुठे जाणार? ती पुन्हा त्याच पानावर जायची.

२०१८च्या जुलैमध्ये आठवीला पावसाळ्यावर निबंध दिला होता. असल्या निबंधात काय येतं ते तपासणाऱ्याला पाठ असतं. मोर, बेडूक, भजी, इंद्रधनुष्य. एका मुलाचा दीड पानी निबंध मी वाचला, खाली 'ठीक' लिहिलं आणि शाई वाळायची वाट बघत राहिले. तेव्हा शेवटून दुसरी ओळ दिसली. 'पावसात आमच्या वाडीचा साकव जातो मग मी शाळेत येत नाही.' साकव म्हणजे ओढ्यावरचा ओंडक्यांचा पूल. ती ओळ मी मिनिटभरापूर्वीच वाचली होती, आणि तिच्यातल्या 'जातो' नंतर स्वल्पविरामाची खूणही केली होती. पण मला ती दिसली नव्हती. हा मुलगा जुलैमध्ये सलग गैरहजर असायचा. त्याच्या हजेरीच्या रकान्यात मीच खाडे मांडले होते आणि वर्गात दोनदा सगळ्यांसमोर विचारलंही होतं. तो खाली मान घालून उभा राहायचा.

'ठीक' या शब्दाखाली मी लिहिलं, 'साकव कसा बांधतात? पुढच्या वेळी ते लिही.' पुढच्या आठवड्यात त्यानं तीन पानं लिहून आणली. पोफळीचे ओंडके कुठून आणतात, बांबूच्या कामट्या कशा बांधतात, वाडीतली कोणकोण माणसं येतात, पहिला माणूस पलीकडे कसा जातो, काठावर बसून बायका काय बोलतात. अशुद्ध होतं, एकाही वाक्याला नीट शेवट नव्हता, आणि त्या वर्षी माझ्याकडे आलेलं ते सगळ्यात चांगलं गद्य होतं. मी ते वर्गात वाचून दाखवलं. त्याला उभं राहायला सांगितलं नाही, कारण उभं राहायला सांगितलं की त्याची मान खाली जाते हे मला ठाऊक होतं.

दीडशे वह्यांना दहा-दहा सेकंद म्हणजे आठवड्याला पंचवीस मिनिटं. एवढा वेळ मी आधी देऊ शकत नव्हते असं नाही. द्यायची वेळ आली नव्हती.

आणखी एक मुलगी आठवते. डावखुरी, हुशार, पण वही नेहमी माखलेली. तिच्या वहीत मी तीन वेळा 'स्वच्छता ठेव' असा शेरा मारला होता. एका संध्याकाळी तिची वही पुढ्यात होती आणि माझा शेरा ओला होता. तेव्हा लक्षात आलं की तिचे डाग कुठेही नाहीत, प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे एकसारखे ओढले गेले आहेत. मी डाव्या हातात पेन धरून एक ओळ लिहिली. उजव्या हातानं आपण निब ओढतो, डाव्या हातानं ती ढकलावी लागते, टोक कागदात रुततं. आणि लिहिलेल्या अक्षरांवरूनच तळहात पुढे सरकतो. माझ्या करंगळीखालचा भाग निळा झाला. ती जेल पेननं लिहायची, त्याची शाईही लवकर वाळत नाही, म्हणजे रोज तिच्या हाताला हेच होत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी प्रयोग केले. वही उजवीकडे कलती ठेवली, हात ओळीच्या खाली घेतला, बाकावर तिला डाव्या टोकाला बसवलं म्हणजे शेजारणीचं कोपर लागणार नाही. आणि पेन तिच्यासाठी बॉलपेनच ठरलं, ताबडतोब वाळणारं. शाईचं पेन मला कितीही प्रिय असलं तरी तिच्या हाताला ते योग्य नव्हतं. महिन्याभरात तिची वही तुकडीत सगळ्यांत नीटस झाली. माझे ते तीन शेरे मात्र वहीत तसेच राहिले. मी त्यांच्याखाली लिहिलं, 'हे शेरे चुकीचे होते,' आणि सही केली.

आता कागदाकडे येते.

आपल्या शाळकरी वह्यांचा कागद साधारण पंचावन्न ते साठ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो, पण वजनापेक्षा महत्त्वाचं असतं ते त्यावरचं खळीसारखं आवरण. ते कमी पडलं की कागद शाई शोषून घेतो आणि अक्षराच्या कडांना केसासारखे तंतू फुटतात. याला आपण 'शाई फुटते' म्हणतो. कोकणात त्यात पावसाची भर. आषाढात पापड सादळतात तसा कागदही सादळतो. मे महिन्यात ज्या वहीवर स्वच्छ अक्षर येतं त्याच वहीवर जुलैमध्ये शाई फुटते. वह्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवल्या तर आणखीनच. उपाय म्हणजे बारीक निब. जपानी बनावटीची फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा बारीक चालते, हे पेन घेताना ध्यानात ठेवावं. मुलांच्या वह्या तपासायला मी तसलीच वापरते.

माझ्या स्वतःच्या वहीसाठी बराच शोध घेतला. देखण्या पुठ्ठ्याच्या वह्या घेऊन पाहिल्या, महाग निघाल्या आणि शाई तिथेही फुटली. शेवटी सापडली ती बाजारातल्या बाइंडरकडे, व्यापाऱ्यांच्या चोपड्यांच्या थप्पीत. लाल कापडी पाठीचं, जाडजूड रजिस्टर. लेजरचा कागद जाड, गुळगुळीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या शाईनंच आकडे लिहायला बनवलेला. कीर्द-खतावणीत आकड्याची कड फुटून चालत नाही, तीनाचा आठ दिसला तर सगळा हिशेब गेला. लक्ष्मीपूजनाला ज्याची पूजा होते तो हा कागद शाईच्या पेनासाठी अतिशय उत्तम आहे. बाइंडर म्हणाले, "बाई, ही आता फार जात नाहीत, सगळे कंप्युटरवर." मी चार उचलली.

त्या चोपडीत मी प्रत्येक मुलाला एक पान दिलं. याला कारण होतं. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. मूळ कल्पना मला मनापासून पटते. नुसते गुण लिहायचे नाहीत, मूल काय करतं ते शब्दांत लिहायचं. पण सत्राच्या शेवटी शंभर मुलांच्या नोंदी एकदम लिहायला बसलं की आठवत काहीच नाही. मग तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर एकमेकांकडे फिरतात. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो.' 'गटकार्यात सहभाग घेते.' मी सुद्धा अनेक वर्षं त्या उतरवल्या. त्या खोट्या नसायच्या, फक्त कुणालाही लागू पडायच्या.

चोपडी आल्यावर रोज मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला मी तीन मुलांच्या पानांवर एकेक ओळ लिहायला लागले, तारखेसह. '"त्यांनी" बरोबर लिहितो, "त्याने" चुकतो.' 'कवितेला चाल स्वतः लावली.' 'आज तिसऱ्यांदा डबा नाही.' 'मालवणी बोलतो ते वर्गात लपवतो, आज पहिल्यांदा आजीची म्हण सांगितली.' सत्र संपताना नोंदी या पानांतून यायच्या. पालकसभेत एखादी आई समोर बसली की मी तिच्या मुलाचं पान उघडायची. गुणांआधी हे वाचून दाखवलं की आई-बाबांचा चेहरा बदलतो, आणि मग गुणांबद्दलही नीट बोलता येतं.

या पानांवर मुलाचं नाव मी वर्षाच्या सुरुवातीला बॉलपेननं लिहायची, कारण हजेरीवरून नावं उतरवताना तेच हातात असायचं. पुढचं सगळं धुतली जाणारी रॉयल ब्लू. रंग सुंदर, पेनाला सोसणारी, नळाखाली लगेच निघणारी. तिच्या नावातच काय आहे ते मी कधी नीट वाचलं नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्या वर्षीच्या चोपड्या शाळेच्या कपाटात राहिल्या. २२ जुलै २०२१ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. २६ जुलै २००५चा पूर आम्ही पाहिला होता, तरी इतकं पाणी येईल असं वाटलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर शाळेत गेलो तेव्हा तळमजल्यावर चिखल होता आणि कपाटाचं दार फुगून घट्ट बसलं होतं.

पुढचे कित्येक दिवस आम्ही कागद वाळवत होतो. पानांमध्ये वर्तमानपत्रं घालायची, ओली झाली की बदलायची. बाकांवर रजिस्टरं उभी पसरून ठेवायची. उन्हात ठेवायची नाहीत, पानं आकसतात. त्यात जुनं जनरल रजिस्टर होतं, ज्यात शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते. कडेला चिखल, पण जुन्या निळ्या-काळ्या शाईतल्या ओळी जशाच्या तशा, जरा तपकिरी पडलेल्या. त्या शाईत लोह असायचं. ते हवेशी संयोग पावून कागदाच्या धाग्यांत काळं बसतं आणि पाण्यानं निघत नाही. पूर्वीच्या लेखनिकांनी नियम म्हणून ती शाई वापरली, आणि त्यामुळे शेकडो माणसांचे जन्मतारखेचे दाखले वाचले. अलीकडच्या बॉलपेनच्या नोंदीही बहुतेक शाबूत होत्या.

माझी चोपडी उघडली. लेजरचा कागद मजबूत, एकही पान फाटलं नव्हतं. पानं फिकट निळी झाली होती, सगळी सारखी, आभाळासारखी. अक्षर एकही नाही. बॉलपेननं लिहिलेलं असतं तर शाई गेली तरी कागदावर खळगे उरले असते, तिरप्या उजेडात वाचता आलं असतं. माझा हात आता हलका झाला होता. मी टॉर्च आडवी धरून पाहिली, पान गुळगुळीत होतं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तेवढं एक नाव, आणि खाली काही नाही.

चिखल काढायला माजी विद्यार्थी आले होते, त्यात तो साकवाचा मुलगाही होता. आता उंच झालेला, गमबूट घातलेला. त्यानं ओलं पान बघितलं, स्वतःचं नाव वाचलं आणि विचारलं, "बाई, माझ्या पानावर काय होतं?"

मी त्याला आठवेल तेवढं सांगितलं. नववीत त्यानं लिहिलेलं पत्र, 'ळ' उलटा काढायची सवय, जुलैमधले गैरहजेरीचे दिवस. तो ऐकत राहिला. "मी पत्र लिहिलेलं?" एवढंच म्हणाला आणि फावडं उचललं. त्या रात्री घरी येऊन मी नव्या चोपडीत पर्मनंट काळ्या शाईनं आठवतील तेवढ्या मुलांची पानं पुन्हा लिहायला घेतली. भिजलेल्या चोपडीतल्या एकोणपन्नासपैकी सत्तावीस पानं भरली. बावीस पानांवर नावं आहेत, खाली जागा आहे.

तेव्हापासून मुलांच्या नोंदींना मी फक्त पर्मनंट काळी वापरते. ती पेनात वाळू द्यायची नाही, रोज लिहायचं आणि पंधरवड्याला धुवायचं, एवढं पथ्य पाळलं की त्रास देत नाही. टाचणाला रॉयल ब्लूच, कारण टाचण दर वर्षी नव्यानं लिहावं असं माझं मत आहे. वह्यांना वांगी. बोर्डाच्या उत्तरपत्रिका आणि कार्बन लावून लिहायच्या पावत्यांना बॉलपेन. कार्बनखाली दाब लागतो, तिथे निबेचं काम नाही. सरकारी पोर्टलवर भरायची माहिती मोबाइलवरच भरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त भरण्याआधी चोपडी उघडून पाहते.

यंदा आठवीत आलेल्या दोन मुली मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन निब बघत उभ्या राहतात. परवा शनिवारी पेनं धुताना त्या नळावर आल्या. एकीनं हात पुढे केला, मी पेन तिच्या हातात दिलं. तिनं नळाखाली धरलं आणि निबेतून शाईची दोरी निघून पाण्यात उलगडत गेली. "बाई, अजून येतेय," ती म्हणाली. पाणी स्वच्छ पडायला लागेपर्यंत आम्ही तिघी तिथेच उभ्या होतो.